दंडव्याजाची एक ओळ

हे प्रकरण गोव्यातल्या डिचोली-सत्तरी भागातल्या एका सहकारी पतसंस्थेचे आहे. संस्था आणि माणसे ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत किंवा गाळले आहेत. संगणकप्रणाली बदलण्याचे हे काम २०१८-१९ मध्ये माझ्या गटाने केले. त्यातला सर्वांत महागात पडलेला निर्णय माझा होता. सॉफ्टवेअर अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांना मी हे प्रकरण अनेकदा तोंडी सांगितले आहे. प्रोग्रॅम लिहिणे आणि सॉफ्टवेअरची अभियांत्रिकी करणे यांत अंतर कुठे पडते, ते मला स्वतःला या कामात कळले.

पार्श्वभूमी

संस्थेच्या तीन शाखा होत्या, बचत खाती सहा हजार चारशेच्या आसपास, कर्जखाती अकराशे. शिवाय रोज दारोदार फिरणारे चौदा पिग्मी एजंट. ही पिग्मी योजना सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केली होती. रोजची छोटी रक्कम घरी येऊन नेण्याची ती पद्धत गोव्याच्या गावांत अजून टिकून आहे. संस्थेचे सभासद म्हणजे दुकानदार, बागायतदार, शिक्षक आणि मोठ्या संख्येने खाणीवरचे ट्रकमालक. एक ट्रक, त्यावर कर्ज, आणि खनिज जेटीपर्यंत नेण्याच्या खेपा, एवढ्यावर इथे घरेच्या घरे उभी राहिली.

सगळा हिशेब फॉक्सप्रो या जुन्या संगणकभाषेत लिहिलेल्या एका प्रोग्रॅमवर चालत असे. म्हापशाच्या एका गृहस्थांनी तो १९९६-९७ मध्ये एकट्याने लिहिला आणि पुढे वीस वर्षे तेच त्याला सांभाळत आले. मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची नवी आवृत्ती काढणार नसल्याचे २००७ मध्येच सांगितले होते. त्याचा आधारही जानेवारी २०१५ मध्ये संपला. संस्थेतला संगणक इतका जुना झाला होता की त्याला जोडायचा प्रिंटर बाजारात मिळेना. प्रोग्रॅम लिहिणारे गृहस्थ वयाच्या सत्तरीला टेकले होते. संचालक मंडळाने नवी प्रणाली करायचे ठरवले आणि ते काम आमच्या पणजीतल्या चौघांच्या गटाकडे आले. ऑगस्ट २०१८ मध्ये सुरुवात झाली, आणि १ एप्रिल २०१९ ला, म्हणजे नव्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवशी, नवी प्रणाली चालू करायची असा करार झाला.

जुना प्रोग्रॅम मी पहिल्यांदा उघडला तेव्हा वाटले, चार महिन्यांचे काम आहे. खाते, जमा, नावे, व्याज. यात अवघड काय असणार?

अडचण

अडचण नेमकी काय होती, हे समजायलाच आम्हाला सहा महिने लागले. सुरुवातीला ती तंत्राची वाटत होती. जुनी भाषा, जुन्या फाइली, इंग्रजी अक्षरांत कशीही लिहिलेली मराठी नावे. हे सगळे खरे होते आणि कंटाळवाणेही, पण सुटण्यासारखे होते.

खरी अडचण अशी की संस्थेचे नियम कुठेही एका ठिकाणी लिहिलेले नव्हते. काही पोटनियमांत, काही संचालक मंडळाच्या इतिवृत्तांत, काही हेडक्लार्क बाईंच्या डोक्यात, आणि बाकीचे त्या प्रोग्रॅमच्या ओळींत, तेही कारण न सांगता. प्रोग्रॅम काय करतो ते वाचता येत होते, पण त्याने तसे का करावे हे त्यात नव्हते.

मांडवीवरचा जुना पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला, ही गोष्ट गोव्यात माझ्या पिढीने घरच्या मोठ्यांकडून ऐकलेली आहे. पणजी-बेतीची फेरीबोट त्यानंतर कित्येक वर्षे सगळ्यांचा आधार होती. सॉफ्टवेअरला पुलाची उपमा देतात तेव्हा मला तो पूल आठवतो आणि उपमा अर्धीच लागू पडते असे वाटते. खाऱ्या हवेत पोलाद गंजते, काँक्रीटला भेगा जातात, भार वाढतो. प्रोग्रॅमची ओळ गंजत नाही. १९९७ मध्ये बरोबर असलेली ओळ २०१८ मध्ये अक्षर न बदलता तशीच असते. मात्र तिच्या भोवतीचे जग सरकलेले असते. ४ जून १९९६ ला एरियान-५ हे रॉकेट उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाले, तेही असेच. आधीच्या एरियान-४ साठी लिहिलेला भाग नव्या रॉकेटात तसाच घेतला होता. नव्या रॉकेटाचा आडवा वेग जास्त होता, ती संख्या सोळा बिटांच्या जागेत मावली नाही. जुन्या रॉकेटात तो भाग बिनचूक चालत होता. सॉफ्टवेअरमधले दोष झिजेतून येत नाहीत, ते कुणाच्या तरी समजुतीतून येतात, आणि ती समजूत बहुधा लिहिलेली नसते.

समोर असलेले पर्याय

मंडळाच्या बैठकीत चार पर्याय मांडले होते. जुना प्रोग्रॅम नव्या संगणकावर आभासी यंत्रात, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवत ठेवायचा. सर्वांत स्वस्त, पण सांभाळणारे एकच आणि तेही थकलेले. तयार पॅकेज घ्यायचे. पण पिग्मी आणि ट्रककर्जाच्या त्यांच्या पद्धतीला ते वाकवावे लागले असते. जुन्या प्रोग्रॅमचे ओळीला ओळ नवे रूप करायचे. किंवा नियम नव्याने समजून घेऊन नवी प्रणाली लिहायची आणि जुन्याच्या आकड्यांशी ताडून पाहायची.

आम्ही चौथा पर्याय निवडला. तो निर्णय बरोबर होता असे मी आजही म्हणेन. फक्त ‘नियम समजून घेऊन’ या शब्दांना मी किती वेळ दिला? तीन आठवडे. त्यातला बराचसा व्यवस्थापकांच्या खोलीत गेला. सहा हजार खात्यांचे व्याज रोज डोळ्यांखालून घालणाऱ्या हेडक्लार्क बाई बाहेर काउंटरवर होत्या.

केलेली कृती आणि निर्णयाच्या जागा

पहिली जागा डिसेंबरमध्ये आली. काम मागे पडले होते. मी दोन नवे प्रोग्रॅमर घेतले. संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवले होते की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे घातली की ते आणखी उशिरा होते. हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते. चार माणसांत बोलण्याच्या जोड्या सहा होतात, सहा माणसांत पंधरा. जानेवारीचा सगळा महिना जुन्या चौघांनी नव्या दोघांना पिग्मी म्हणजे काय ते समजावण्यात घालवला. नवे दोघे हुशार होते, त्यांचा काहीच दोष नव्हता. करारातली तारीख जवळ दिसत होती आणि मंडळाला काहीतरी करून दाखवायचे होते, म्हणून मी ते केले.

दुसरी जागा बचत खात्यांच्या व्याजाची. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तिमाहीचे व्याज आम्ही जुन्या आणि नव्या, दोन्ही प्रणालींत काढून ताडले. निम्म्याहून जास्त खात्यांत फरक आला. दोन दिवस आम्ही स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो. शेवटी हेडक्लार्क बाईंना कागद दाखवले. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, ‘बाब, तुम्ही रोजच्या शिलकीवर काढलंय. आमच्याकडे दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची कमीत कमी शिल्लक धरतात.’

बँकांमध्येही पूर्वी हीच पद्धत होती. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार १ एप्रिल २०१० पासून बँका रोजच्या शिलकीवर व्याज देऊ लागल्या. आम्ही सगळे तिशीच्या आतबाहेरचे. व्याज म्हणजे रोजच्या शिलकीवर, ही आमच्या मनातली समजूत इतकी घट्ट होती की विचारायचे सुचलेच नाही. ही पतसंस्था बँक नव्हती आणि तिने आपला नियम बदललेला नव्हता.

ते दुरुस्त केल्यावर चाळीस खात्यांत फरक उरला. त्यांतल्या तेहतीस खात्यांत नेमका एक रुपयाचा. व्याज रुपयात पूर्ण करताना बरोबर पन्नास पैसे आले की जुना प्रोग्रॅम नेहमी वर जात असे. आमच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतले तयार फंक्शन मात्र अशा वेळी जवळच्या सम संख्येकडे जाते, म्हणजे साडेबारा रुपयांचे बाराच धरते. दोन्ही पद्धती हिशेबात मान्य आहेत. कोणती घ्यायची हे ठरवणारे आम्ही नव्हतो, तरी नकळत ठरवून बसलो होतो. उरलेल्या सात खात्यांत चूक जुन्या प्रोग्रॅमची निघाली. तिमाहीच्या मध्येच पिग्मीचे बचत खाते झालेले असले की तो एका महिन्याचे व्याज दोनदा देत असे.

इथे आम्ही एक चांगली गोष्ट केली, ती म्हणजे फरकवही. प्रत्येक फरकाची एक नोंद, आणि तिच्यापुढे तीनपैकी एक शेरा: जुने चुकले, नवे चुकले, नियम स्पष्ट नाही. तिसरा शेरा असेल तर त्यावर आम्ही हात लावायचा नाही, तो प्रश्न मंडळाकडे जायचा. गटातल्या सर्वांत लहान मुलीची ही कल्पना. तिला तेव्हा नोकरीला लागून सात महिने झाले होते.

तिसरी जागा याच मुलीमुळे पुढे आली होती, पण तिथे मी चुकलो. नोव्हेंबरमध्ये, म्हणजे फरकवही सुरू होण्यापूर्वी, कर्जाचा भाग वाचताना तिला एक ओळ सापडली होती. तिचा अर्थ असा: कर्जगट ‘के’ असेल आणि हप्ता १ ऑक्टोबर २०१२ नंतरचा असेल, तर दंडव्याज शून्य. बाजूला खुलासा नाही. तिने मला विचारले, ‘सर, ही ओळ कशाला असेल?’ मी स्क्रीनकडे पाहिले. दंडव्याजाचा नियम पोटनियमांत स्पष्ट होता, त्यात कुठल्याच गटाला सूट नव्हती. मी म्हणालो, ‘कधीतरी तात्पुरती घातलेली राहून गेलीय. काढून टाक.’ तिने काढली. या संभाषणाला एक मिनिटही लागले नाही.

२०१२ हा आकडा पाहून मला कळायला हवे होते. मी याच राज्यात वाढलो. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवले. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेवर परवानगी मिळाली, पुढे थोडेफार काम सुरू झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे (लीजांचे) नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या. आम्ही प्रणाली लिहीत होतो त्या दिवसांत साखळी-डिचोलीच्या रस्त्यांवर ट्रक ताडपत्री टाकून उभे होते. मी दर आठवड्याला त्यांच्या बाजूने गाडी हाकत संस्थेत जात होतो. ‘के’ म्हणजे खाण, हे त्या ओळीशी जोडायला मला काही कष्ट पडले नसते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्जविभागाची चाचणी घेतली. नव्या प्रणालीने एक्केचाळीस ट्रककर्जांवर सहा वर्षांचे दंडव्याज लावून नोटिसा छापल्या. त्या चाचणीच्या होत्या, पण कागदावर तसे कुठेच छापलेले नव्हते. एका शाखेत त्या खऱ्या समजून तीन सभासदांना दिल्या गेल्या. त्यांतले एक दुसऱ्या दिवशी सकाळी नोटीस हातात घेऊन शाखेत आले. त्यांचा ट्रक अकरा महिने अंगणात उभा होता. मुद्दलाचे हप्ते ते बायकोच्या शिवणकामातून भरत होते. ते ओरडले नाहीत. व्यवस्थापकांनी मला नंतर सांगितले की ते बराच वेळ बाकावर बसून होते आणि एकच विचारत होते, ‘सभेत ठरलं होतं ना?’

सभेत ठरले होतेच. हेडक्लार्क बाईंनी कपाटातून इतिवृत्ताची नोंदवही काढली. २०१२ च्या ठरावात ट्रककर्जांना दंडव्याज माफ केले होते. किती काळ? खाणकाम नियमित सुरू होईपर्यंत. तारीख नव्हती. मग मी म्हापशाच्या गृहस्थांना फोन केला. पहिल्याच वाक्यावर ते म्हणाले, ‘हो, ती ओळ मीच घातली. चतुर्थीनंतर व्यवस्थापकांचा फोन आला होता.’ या सात महिन्यांत मी त्यांना एकदाही फोन केला नव्हता. संस्थेने त्यांच्याशी करार संपवला आहे, मग त्यांना त्रास कशाला, असे मी स्वतःला सांगत होतो. खरे कारण असे की कुणाला विचारल्याशिवाय आपल्याला जुना प्रोग्रॅम वाचता येतो, असे मला वाटत होते.

तीनही सभासदांकडे व्यवस्थापक आणि मी घरी जाऊन आलो आणि नोटिसा परत घेतल्या.

चौथी जागा लगेच आली: १ एप्रिल गाठायची का? ओळ परत घालायला पाच मिनिटे पुरली असती. मंडळातल्या काहींचे म्हणणे तेच होते. मी मुदत वाढवून मागितली. तशा आणखी किती ओळी आम्ही काढल्या असतील, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. चाचणीने दोष असल्याचे दिसते, दोष नसल्याचे सिद्ध होत नाही, हे संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस सांगितले होते, आणि ज्या नियमाचे अस्तित्वच ठाऊक नाही त्याची चाचणी लिहिणार कोण? बाईंसोबत बसून आम्ही १९९७ पासूनची सगळी इतिवृत्ते वाचली. त्याला पाच आठवडे लागले. व्याज, सूट, दंड यांच्याशी संबंधित प्रत्येक ठराव वेगळा काढला आणि जुन्या प्रोग्रॅमच्या ओळींशी जोडला. जोडी न लागलेल्या ओळी सहा निघाल्या. म्हापशाचे गृहस्थ दोन दिवस येऊन बसले, आम्ही त्यांना रीतसर मानधन दिले. त्यांनी पाच ओळींची कारणे सांगितली. सहावी त्यांनाही आठवेना, ती फरकवहीत तिसऱ्या शेऱ्यासह मंडळाकडे गेली.

नव्या प्रणालीत सूट ही प्रोग्रॅमची ओळ राहिली नाही. ती एक नोंद झाली: कोणत्या गटाला, कधीपासून, कोणत्या ठरावाने, आणि पुन्हा कधी तपासायची. नोंद बदलायला दोन माणसांच्या मान्यता लागतात. नियमांची बत्तीस पाने छापली, प्रत्येक पानावर अध्यक्षांची आणि माझी सही झाली. पुलाच्या नकाशावर अभियंत्याची सही असते. सॉफ्टवेअरच्या कामात मी तोपर्यंत बिल सोडून कशावरच सही केली नव्हती.

परिणाम

नवी प्रणाली १ जुलै २०१९ ला एका शाखेत, ऑगस्टमध्ये दुसऱ्या आणि सप्टेंबरमध्ये तिसऱ्या शाखेत सुरू झाली. प्रत्येक ठिकाणी महिनाभर जुनी प्रणाली शेजारी चालू ठेवली, म्हणजे बिघडले तर त्याच संध्याकाळी मागे जाता यावे. एकदा जावेही लागले. पावसात वाळपईच्या बाजूचे नेटवर्क पडले आणि पिग्मीच्या नोंदी दोनदा चढल्या.

आम्हाला तीन महिन्यांचा तोटा झाला. करारातला शेवटचा हप्ता मंडळाने कापून दिला आणि ते योग्यच होते. डिसेंबरात घेतलेल्या दोघांपैकी एक काम सोडून गेला.

२७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने कर्जहप्त्यांना तीन महिन्यांची सवलत देण्याची मुभा बँकांना दिली. संस्थेच्या मंडळानेही तशीच सवलत द्यायचा ठराव केला. टाळेबंदीत, घरून, आम्ही ती दोन दिवसांत लागू केली. प्रोग्रॅमला हात लावावा लागला नाही, ठराव क्रमांकासह नोंद घातली. तपासणीची तारीख त्यात होती, त्यामुळे ती सवलत वेळेवर संपली.

आज करायचे झाले तर

पहिला महिना मी काउंटरच्या आत, हेडक्लार्क बाईंच्या शेजारी बसून काढीन आणि इतिवृत्ते तेव्हाच वाचीन. जुना प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पहिल्या आठवड्यात भेटेन. कारण न कळलेली कोणतीही ओळ कुणाच्या तोंडी सांगण्यावरून काढायची नाही, माझ्यासुद्धा, हा नियम गटात आज आहे, पण तो त्या नोटिसांनंतर आला. चाचणीच्या प्रत्येक कागदावर आडवे ‘चाचणी’ छापणे ही तर साधी काळजी होती.

माणसे वाढवण्याऐवजी डिसेंबरमध्येच मंडळासमोर जाऊन तारीख हलवायला सांगायला हवे होते. तेव्हा ते फार कठीण वाटले. फेब्रुवारीत तीच गोष्ट त्याहून वाईट परिस्थितीत सांगावी लागली.

‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हे नाव ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिशच्या परिषदेला मुद्दाम डिवचण्यासाठी दिले होते. ही विद्या अभियांत्रिकीसारखी नाही, पण तशी असायला हवी, असा त्यात रोख होता. तशी ती झाली का, यावर आजही वाद होतात. मला वाटते, त्या मुलीने नोव्हेंबरमध्ये ‘ही ओळ कशाला असेल’ असे विचारले, ते त्या कामातले सर्वांत अभियांत्रिकीचे वाक्य होते. तिला मी दिलेल्या उत्तरात अभियांत्रिकी कुठेच नव्हती. वीस वर्षे लोकांचे पैसे सांभाळणारी वस्तू माझ्या हातात होती आणि तिच्यातला एक खांब मी कारण न विचारता काढायला सांगितला.

एका प्रश्नावर मी अजून ठाम नाही. जुन्या प्रोग्रॅमने सात खात्यांत जास्त दिलेले व्याज वसूल करायचे नाही, असे मंडळाने ठरवले. आम्ही ती चूक नव्या प्रणालीत येऊ दिली नाही. पण गेल्या वीस वर्षांत अशी आणखी किती खाती होती, ते शोधायला हवे होते का? मंडळ नको म्हणाले आणि मी आग्रह धरला नाही.

ट्रककर्जांच्या दंडव्याजाचा ठराव तपासणीच्या तारखेप्रमाणे दर जूनमध्ये मंडळासमोर येतो. ‘नियमित’ म्हणजे किती खेपा, हे ठरवायला पहिल्या वर्षी पूर्ण एक बैठक गेली. बाई निवृत्त झाल्या आहेत, तरी त्या बैठकीला त्यांना बोलावतात.